इसबाचा आकडा: जपानच्या टार्क चाचणीचं प्रकरण

मधुमेहाच्या रुग्णाला एचबीए१सी असतं, थायरॉइडच्या रुग्णाला टीएसएच. इसबाच्या रुग्णाला मात्र जगात बहुतेक ठिकाणी असा एकही हुकमी आकडा मिळत नाही. याला अपवाद जपानचा. तिथे २००८ पासून टार्क या रक्तातल्या प्रथिनाची चाचणी सार्वजनिक आरोग्य विम्यात बसते, महिन्यातून एकदा, आणि तीही अ‍ॅटोपिक डर्मटायटिस किती तीव्र आहे हे ठरवण्यासाठी. अ‍ॅटोपिक डर्मटायटिस म्हणजे लहानपणी कोपराच्या खोबणीत आणि गुडघ्यामागे सुरू होणारा, दम्या-सर्दीच्या घराण्यात जास्त दिसणारा, बरा झाला म्हणता म्हणता परत येणारा इसब. पुढे जिथे इसब म्हटलंय तिथे हाच समजावा.

ही चाचणी जपानमध्येच का रुजली, तिचा खरा उपयोग कशासाठी झाला आणि तिचा आकडा कुठे फसवतो, ते इथे बघायचं आहे. माझं मत आधीच सांगतो. रोग मोजण्यापेक्षा, रुग्णाला मलम चालू ठेवायला राजी करण्यात या चाचणीनं मोठं काम केलं.

डोळ्यांनी मोजायची अडचण

इसबाची तीव्रता मोजायच्या पद्धती आहेत, आणि चांगल्या आहेत. युरोपातल्या तज्ज्ञगटानं १९९३ मध्ये स्कोरॅड काढला. त्यात कमाल गुण १०३. नंतर ईझी आला, त्याचे गुण ० ते ७२. डोकं-मान, हात, धड, पाय असे शरीराचे चार भाग करायचे, प्रत्येक भागात लाली, सूज किंवा जाडी, ओरखडे आणि कातडीचा खरबरीतपणा किती ते बघायचं, किती जागा व्यापली आहे ते बघायचं आणि गणित मांडायचं. २१ च्या वर गेलं की तीव्र, ५० च्या वर अतितीव्र. औषधांच्या चाचण्यांमध्ये हे नेमानं होतं. सकाळी साठ रुग्ण बघणाऱ्या ओपीडीत कोण करणार?

दुसरी अडचण आपल्या जास्त जवळची आहे. या मोजपट्ट्या लालीवर उभ्या आहेत, आणि सावळ्या-काळ्या त्वचेवर लाली लाल दिसत नाही. जांभळट, करडी, कधी नुसती गडद दिसते. लंडनमधल्या मुलांवरचा २००२ चा एक अभ्यास यासाठी नेहमी सांगितला जातो. लालीच्या गुणांमुळे येणारा फरक हिशेबात धरल्यावर, कृष्णवर्णीय मुलांमध्ये तीव्र इसबाची शक्यता गोऱ्या मुलांच्या जवळपास सहापट निघाली. म्हणजे लालीवर विसंबणारा डोळा या मुलांचा आजार कमी मोजत होता. अशा ठिकाणी त्वचेच्या रंगाशी घेणंदेणं नसलेला रक्ताचा आकडा हवासा वाटणारच.

रक्तात पूर्वीपासून तीन गोष्टी बघितल्या जात. एकूण आयजीई (अ‍ॅलर्जीशी जोडलेलं प्रतिपिंड), इओसिनोफिल या पांढऱ्या पेशींची संख्या आणि एलडीएच (पेशींच्या आत असणारं एक विकर).

आयजीई आपल्याकडे सगळ्यात लोकप्रिय. इसबाचा जुना रुग्ण असला की फाईलमध्ये आयजीईचा एखादा रिपोर्ट असतोच, आणि "आयजीई दोन हजार आलं" हे वाक्य घरात निकालासारखं सांगितलं जातं. पण अ‍ॅटोपिक रुग्णांपैकी साधारण पाचव्या हिश्शात आयजीई वाढलेलंच नसतं. ज्यांच्यात वाढलेलं असतं त्यांची त्वचा महिन्याभरात साफ झाली तरी आकडा फारसा हलत नाही. शिवाय पोटात जंत असले तरी आयजीई चढतं, आणि जंतांचा त्रास जिथे घरोघरी आहे तिथे हा घोळ लहान नाही. अमेरिकन त्वचारोग अकादमीनं २०१४ च्या मार्गदर्शिकेत, तीव्रता ठरवण्यासाठी आयजीई नेमानं तपासत राहू नये, असं सरळ लिहिलं आहे.

इओसिनोफिलही जंतांनी वाढतात, आणि तोंडावाटे स्टेरॉइडच्या दोन गोळ्या पोटात गेल्या की त्वचा तशीच असताना काही तासांत खाली येतात. एलडीएच दुखावलेल्या त्वचापेशींतून रक्तात येतं, त्यामुळे तीव्रतेशी त्याचं नातं आहे. पण यकृत बिघडलं, स्नायूला मार लागला किंवा नमुन्यातल्या तांबड्या पेशी नळीतच फुटल्या तरी ते वाढतं. रडणाऱ्या बाळाच्या हाताची शीर शोधून कसंबसं काढलेलं रक्त आठवा. त्या नमुन्याच्या एलडीएचवर किती भरवसा ठेवणार?

टार्क कुठून आलं

१९९६ मध्ये जपानमधल्या शिओनोगी या औषध कंपनीच्या संशोधन संस्थेतल्या गटानं थायमस ग्रंथीत सापडणाऱ्या एका नव्या रेणूचं वर्णन केलं. पेशींना हाक मारून बोलावणाऱ्या रेणूंपैकी, म्हणजे केमोकाइनपैकी, तो एक. त्याचंच संक्षिप्त नाव टार्क. नव्या नामावलीत सीसीएल१७. त्याची हाक ऐकणारा ग्राहक, म्हणजे पेशीवरचा रिसेप्टर, सीसीआर४, आणि तो असतो मुख्यतः टीएच२ जातीच्या लिम्फोसाइटवर, म्हणजे अ‍ॅलर्जीचा दाह चालवणाऱ्या पांढऱ्या पेशींवर. इसबातल्या दाहाच्या मागे याच पेशी असतात. त्या आयएल-४ आणि आयएल-१३ हे दाह वाढवणारे निरोप्या रेणू सोडतात, त्यानं त्वचेचा बांध आणखी ढिला होतो, आणि त्वचेतल्या डेंड्रायटिक (पहारेकरी) पेशी व केराटिनोसाइट, म्हणजे वरच्या थरातल्या त्वचापेशी, पुन्हा टार्क सोडून आणखी टीएच२ पेशींना बोलावतात. वर्तुळ पूर्ण.

२००१ मध्ये टोकियो विद्यापीठाच्या त्वचारोग विभागातल्या काकिनुमा आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की इसबाच्या रुग्णांच्या रक्तात टार्क निरोगी माणसांपेक्षा जास्त असतं, रोग जितका तीव्र तितकं जास्त, आणि उपचारानंतर ते उतरतं. आयजीई नेमकं इथेच कमी पडत होतं. टार्क आठवड्या-दोन आठवड्यांत खाली येऊ शकतं, म्हणजे पुढच्या भेटीपर्यंत काहीतरी सांगू शकतं.

चाचणीचा संच शिओनोगीनंच काढला आणि २००८ मध्ये विम्याची दारं उघडली. प्रौढांसाठी सामान्य मर्यादा ठरली ४५० पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर. मोठ्यांमध्ये ७०० च्या पुढे गेलं की रोग मध्यम किंवा त्याहून वरचा समजायचा. बाळांचं गणित वेगळं. सहा महिने ते एक वर्ष १३६७, एक ते दोन वर्षं ९९८, त्यापुढच्या मुलांत ७४३. निरोगी तान्ह्या बाळाच्या रक्तातही टार्क मुळातच बरंच असतं, म्हणून हा उतार. अंगभर ओला इसब असलेल्या बाळांमध्ये आकडा हजारोंत, कधी त्याहून वर जातो. काही वर्षांनी स्वयंचलित यंत्रावर वीसेक मिनिटांत निकाल येऊ लागला. रुग्ण बाहेर बाकावर बसलेला असतानाच डॉक्टरच्या पडद्यावर आकडा येतो, याचं महत्त्व पुढे कळेल.

मलमाची धास्ती

पण चांगली चाचणी निघाली म्हणून ती रुजतेच असं नाही. टार्कचे अभ्यास युरोपातही झाले, नेदरलँड्समधल्या उट्रेख्टच्या गटानं तर फार चांगले केले, तरी तिथे ती रोजच्या दवाखान्यात आली नाही. जपानमध्ये ती का रुजली, हे कळायला १९९० च्या दशकात जावं लागतं.

१९९२ साली तिथल्या टीव्हीवरच्या एका लोकप्रिय वृत्तकार्यक्रमानं स्टेरॉइड मलमांवर मालिका केली. सूर असा, की ही औषधं अगदी शेवटचा उपाय म्हणूनच वापरायची. त्यानंतर देशभर रुग्णांनी मलमं सोडायला सुरुवात केली. काही डॉक्टरही 'स्टेरॉइड सोडा' या बाजूचे झाले. पोकळी रिकामी राहत नाही. खास पाणी, खास साबण, आरोग्यपूरक पावडरी, गरम झऱ्यांच्या वाऱ्या, महागडे आहार यांचा बाजार उभा राहिला. कानाझावा विद्यापीठाचे त्वचारोगतज्ज्ञ ताकेहारा काझुहिको यांनी या बाजाराला 'अ‍ॅटोपी बिझनेस' म्हणून उघडपणे धारेवर धरलं.

मलम सोडलेल्यांपैकी अनेकांची त्वचा फार बिघडली. बाळांमध्ये ओल्या त्वचेतून प्रथिनं झिरपून रक्तातलं अल्ब्युमिन उतरणं, वजन न वाढणं. तरुणांमध्ये खाजेपोटी डोळे चोळून आणि थोपटून मोतीबिंदू, काहींत दृष्टिपटल सुटणं. यातली बरीच हानी टळण्याजोगी होती, म्हणून ती वाचताना चीड येते. तरी रुग्णांना मूर्ख ठरवून मोकळं होणं मला पटत नाही. त्यांना आधी मलमाची एक बारकी ट्यूब मिळालेली असे, किती लावायचं आणि किती दिवस ते कुणी सांगितलेलं नसे. लाली गेली की मलम बंद, आठवड्यात इसब परत. असं पाच-सहा वेळा झालं की कुणालाही वाटणारच, हे औषध दाबून ठेवतं, बरं करत नाही.

१९९९ मध्ये टॅक्रोलिमसचं, म्हणजे स्टेरॉइड नसलेलं, मलम सर्वप्रथम जपानमध्येच मंजूर झालं. मुळात ते त्सुकुबाच्या मातीतल्या जिवाणूपासून निघालेलं औषध. २००० मध्ये जपानी त्वचारोग संघटनेनं इसबाची मार्गदर्शिका काढली. औषधं होती, नियम होते. विश्वास परत आणणं बाकी होतं.

हाबिकिनोची पद्धत

ओसाकाजवळ हाबिकिनो इथे श्वसन व अ‍ॅलर्जी विकारांचं सार्वजनिक रुग्णालय आहे. तिथल्या डॉ. काताओका योको यांचं नाव टार्कच्या दवाखान्यातल्या वापराशी जोडलं गेलं आहे. त्यांनी २०१४ मध्ये या विषयावर सविस्तर लिहिलं. पद्धतीचा गाभा ऐकायला साधा आहे.

सुरुवातीला पुरेशा ताकदीचं स्टेरॉइड मलम भरपूर लावायचं. चोळून जिरवायचं नाही, थर बसला पाहिजे. त्वचा हाताला मऊ लागेपर्यंत रोज. मग टार्क बघायचं. नेहमीची चूक इथेच होते, कारण या टप्प्यावर त्वचा डोळ्याला चांगली दिसते. आई खूश, रुग्ण खूश, डॉक्टरही 'आता कमी करा' म्हणायला तयार. आणि टार्क येतं समजा १८००. म्हणजे वरून शांत दिसणाऱ्या कातडीखाली दाह चालूच आहे. तेव्हा मलम तसंच चालू ठेवायचं. टार्क सामान्य पातळीवर आलं की मग रोजचं एक दिवसाआड, मग आठवड्यातून दोनदा, असं हळूहळू उतरवायचं, आणि अधूनमधून आकडा बघत राहायचं. इसब उफाळल्यावर धावायचं नाही, उफाळण्याआधीच ठरल्या दिवशी मलम लावायचं, या पद्धतीला प्रोअ‍ॅक्टिव्ह उपचार म्हणतात. ती युरोपातही आहे. टॅक्रोलिमस आठवड्यातून दोनदा लावण्यावर तिथे चांगल्या चाचण्या झाल्या आहेत. हाबिकिनोनं तिला रक्ताचा आकडा जोडला.

यात डॉक्टरला नवीन काय कळलं? अनुभवी बोटांना त्वचेतली किंचित जाडी, उरलेला खरबरीतपणा आकड्याशिवायही कळतो. पण ज्या आईनं दहा वर्षं टीव्हीवर आणि शेजारणीकडून मलमाबद्दल वाईटच ऐकलं आहे, तिला डॉक्टरनं "अजून आत दाह आहे, थांबू नका" म्हटलं तर ती ऐकेलच असं नाही. "मागच्या महिन्यात ५२००, आज १८००, आपल्याला ७४३ च्या खाली जायचंय" हे तिला स्वतः वाचता येतं. घसरणारा आकडा बघून मलम लावायला हुरूप येतो. आणि एखाद्यानं घरी मलम सोडलेलं असलं तर आकडा ते बोलून दाखवतो, डॉक्टरला आरोप न करता पुढे जाता येतं. निकाल त्याच भेटीत मिळण्याचं महत्त्व हे. महिन्यानं कळलेला आकडा बोलणं घडवत नाही.

आकडा बघून चालवलेला उपचार नुसत्या डोळ्यांनी चालवलेल्या उपचाराहून सरस, असं म्हणायचं तर त्यामागचा आधार मुख्यतः दवाखान्यातल्या निरीक्षणांचा आहे. इतर देशांचे तज्ज्ञ हात आखडता घेतात, त्याचं एक कारण हे, आणि ते मला रास्त वाटतं.

आकडा कुठे फसवतो

उट्रेख्टच्या थाइस आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये इसबाच्या रक्तखुणांवरचे जुने अभ्यास एकत्र करून तपासले. सगळ्यांत टार्क पहिलं आलं, तीव्रतेच्या गुणांशी सहसंबंध सुमारे ०.६. चांगला आहे. पण ०.६ चा वर्ग ०.३६, म्हणजे रुग्णारुग्णांतल्या तीव्रतेच्या फरकापैकी ढोबळ मानानं तिसरा हिस्सा टार्कवरून समजतो, उरलेला नाही. गटाच्या सरासरीला हे चालतं. समोर बसलेल्या एकाच माणसाला "तुमचं टार्क ९०० म्हणजे तुमचा इसब अमक्याच्या दुप्पट" असं सांगता येत नाही. त्याच माणसाचा आजचा आकडा त्याच्याच मागच्या आकड्याशी ताडायचा, हा वापर जास्त सुरक्षित. याच गटानं पुढे टार्कला आणखी दोन खुणांची, आयएल-२२ आणि विद्राव्य आयएल-२ ग्राहकाची, जोड देऊन रक्तावरूनच ईझीचा अंदाज बांधायचं सूत्र २०१७ मध्ये मांडलं. संशोधनासाठी ते कामाचं आहे, दवाखान्यासाठी अजून जड.

टार्क फक्त इसबाचं नाही, हे त्याहून महत्त्वाचं. हॉजकिन लिम्फोमा या लसिका ग्रंथींच्या कॅन्सरमधल्या रीड-स्टर्नबर्ग पेशी ते भरमसाट बनवतात. त्वचेचा टी-पेशी लिम्फोमा, बुलस पेम्फिगॉइड हा फोडांचा त्वचारोग, औषधाच्या तीव्र प्रतिक्रियेनं अंगभर उठणारं पुरळ, या सगळ्यांत ते वाढतं. यातला त्वचेचा लिम्फोमा तर सुरुवातीला दिसायलाही इसबासारखा. प्रौढ वयात पहिल्यांदाच 'इसब' झालेल्या माणसाचं टार्क वाढलेलं आलं, तर त्यानं निदान पक्कं होत नाही. शंका असेल तिथे त्वचेचा तुकडा तपासावाच लागतो. टार्क तीव्रतेची खूण आहे, निदानाची नाही, आणि ही गल्लत सुशिक्षित रुग्ण सर्वांत आधी करतो.

नमुना कसा हाताळला यानंही फरक पडतो. रक्ताची गुठळी होताना प्लेटलेटमधून टार्क सुटतं, त्यामुळे सीरमचा (गुठळीनंतर उरलेल्या द्रवाचा) आकडा प्लाझ्मापेक्षा (गुठळी होऊ न देता वेगळ्या केलेल्या द्रवापेक्षा) जास्त येतो. एकदा या नळीत, एकदा त्या नळीत असं केलं तर तुलना कसली करणार?

सगळ्यांत बोलका पुरावा नव्या औषधांनी दिला. ड्युपिलुमॅब आयएल-४ आणि आयएल-१३ दोन्हींचा मार्ग अडवतं, म्हणजे टार्क बनण्याच्या मुळावरच येतं. आकडा झपाट्यानं पडतो आणि त्वचाही सुधारते. नेमोलिझुमॅब खाजेचा निरोप नेणाऱ्या आयएल-३१ च्या ग्राहकाला अडवतं. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या जपानी चाचणीत ते घेणाऱ्या काही रुग्णांमध्ये टार्क वाढलं, आणि तरी त्यांची खाज कमी झालेली होती. रुग्ण झोपायला लागला होता आणि आकडा बिघडला होता. टार्क टीएच२ च्या वाटेवरची वर्दळ दाखवतं. औषध दुसऱ्याच वाटेवर काम करत असेल तर त्या वर्दळीवरून त्याचं यशापयश ठरवता येत नाही.

मुलांसाठी जपाननं फेब्रुवारी २०२१ मध्ये आणखी एक चाचणी विम्यात घेतली, एससीसीए२, पंधरा वर्षांपर्यंत. हे प्रथिन आयएल-४ आणि आयएल-१३ च्या चेतावणीनं केराटिनोसाइटमध्ये बनतं, आणि वयानुसार मर्यादा बदलावी लागत नाही. सर्व मुलांसाठी १.६ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर. बाळांच्या बाबतीत ही मोठी सोय. याचीच एक बाजू आपल्या उपयोगाची: कॅन्सरची खूण म्हणून जी एससीसी अँटिजेन चाचणी होते ती याच कुळातली, आणि मोठ्या प्रमाणावर इसब किंवा सोरायसिस असेल तर तीही वाढलेली येऊ शकते. 'फुल बॉडी चेकअप'च्या पॅकेजात असा रिपोर्ट आला तर घाबरण्याआधी डॉक्टरला त्वचा दाखवावी.

इथल्या फाईलपुरतं

आपल्याकडची गोष्ट जपानच्या उलटी वाटते. तिथे लोक मलमाला घाबरून ते लावत नव्हते. इथे मेडिकलमधून स्टेरॉइड, अँटिफंगल आणि अँटिबायोटिक एकत्र असलेली ट्यूब विचारून आणून नायट्यालाही लावतात आणि इसबालाही. २०१८ मध्ये बरीच स्टेरॉइड मलमं 'शेड्यूल एच'मध्ये, म्हणजे चिठ्ठीवरच द्यायच्या औषधांत आली, तरी काउंटरवर फार बदललं असं दिसत नाही. आणि त्याच घरात, त्वचारोगतज्ज्ञानं बाळाला योग्य मलम लिहून दिलं की आजी म्हणते, "स्टेरॉइड आहे, नको लावूस." बेफिकिरी आणि धास्ती एकाच कपाटात नांदतात. टार्कनं जपानमध्ये जे काम केलं त्याची गरज इथेही आहे. पण वेळेत निकाल, एकच पद्धत आणि परवडणारी किंमत नसेल तर चाचणी आयात करून ते काम होणार नाही.

तोवर फाईलमधल्या आयजीईच्या रिपोर्टांना तारखेनुसार लावून 'इसब वाढला की कमी झाला' हे ठरवू नये. दर तीन महिन्यांनी आयजीई करायला सांगितलं जात असेल, तर त्यानं उपचारात काय बदलणार आहे, हे जरूर विचारावं. त्या आकड्यावरून वांगी, दूध, अंडी सरसकट बंद करण्याआधी तर दोनदा विचारावं. वाढत्या बाळाचं पोषण त्यात जातं.

रक्त न काढता मिळणारा एक आकडा मात्र आज, घरच्या घरी हाताशी आहे. नॉटिंगहॅमच्या गटानं २००४ मध्ये प्रसिद्ध केलेली पोएम प्रश्नावली. गेल्या सात दिवसांत किती दिवस खाज आली, झोप मोडली, रक्त आलं, पाणी सुटलं, भेगा पडल्या, पापुद्रे निघाले, त्वचा कोरडी-खरबरीत लागली, असे सात प्रश्न. एकही दिवस नाही तर ०, एक-दोन दिवस १, तीन-चार दिवस २, पाच-सहा दिवस ३, रोज ४. बेरीज २८ पैकी. आठच्या खाली सौम्य, ८ ते १६ मध्यम, १७ पासून तीव्र. रविवारी रात्री कॅलेंडरवर लिहून ठेवायची, आणि पुढच्या भेटीला रिपोर्टांच्या आधी ती डॉक्टरपुढे ठेवायची.